येलहंक्याची वही

मामांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली, तेव्हा बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर भरणाऱ्या एरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाला अजून दीड महिना अवकाश होता. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहायला असते तसली लांबट वही. पहिल्या पानावर पट्टीनं आखलेली धावपट्टी, एका टोकाला ‘पू’, दुसऱ्या टोकाला ‘प’. खाली सूर्य आणि त्यातून निघालेले तीन बाण: सकाळचा, दुपारचा, चारच्या सुमाराचा. “धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. फेब्रुवारीतला सूर्य दक्षिणेकडून सरकतो. ऊन डोळ्यांवर घ्यायचं की पाठीवर, हे घरूनच ठरवून निघायचं,” मामा म्हणाले.

दुसऱ्या पानावर वारा होता. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन उडतं आणि उतरतंही तसंच, म्हणून येलहंक्यात सकाळी वारा कुठून वाहतो ते त्यांना हवं होतं. तिथं त्यांचे जुने जोडीदार राहतात. नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात सगळे त्यांना मेस्त्री म्हणत, आम्हीही तेच म्हणतो. मेस्त्रींना आता वयामुळे ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनवर त्यांच्या बायको, म्हणजे अम्मा, बोलतात. मामांनी त्यांना सांगितलं होतं, गच्चीवर वाळत घातलेल्या साड्या रोज सकाळी कुठं फडफडतात ते बघा. आठ दिवसांच्या आठ नोंदी वहीत होत्या. साड्या पश्चिमेकडे उडत होत्या, म्हणजे वारा पूर्वेचा.

मामा ओझरला 37 वर्षं होते. पत्रेकाम आणि रिवेटिंग. मिग-21, मग मिग-27, शेवटी सुखोई-30. मिगच्या काळात सांगाडा नाशिकला, इंजिन कोरापुटला आणि उपकरणं हैदराबादला अशी कामाची वाटणी होती. मामांच्या वाट्याला सांगाडा आला. विमान तयार होऊन चाचणीला उडालं की ओझरच्या द्राक्षबागांवरून दोन मिनिटांत दिसेनासं व्हायचं. विमान दिवसभर नुसतं बघत बसायचं, हे त्यांना कधी जमलं नाही. एरो इंडिया 1996 पासून साधारण दर दोन वर्षांनी भरतं. त्यांचं जाणं कधी मुलांच्या परीक्षांमुळे राहिलं, कधी मामींच्या आजारपणामुळे. मामी गेल्या. 2025 च्या फेब्रुवारीत पंधरावं प्रदर्शन होतं, 10 ते 14 तारखेला. पहिले तीन दिवस व्यापाऱ्यांचे, शेवटचे दोन आपल्यासारख्यांचे. मी म्हटलं, मामा, या वेळी मी नेते तुम्हाला.

वहीत एकंदर एकवीस कलमं होती. क्रमांक चार: कापूस, दोघांना पुरेल इतका. क्रमांक नऊ, तेजस या लढाऊ विमानाबद्दल: ‘तेजसची कातडी जवळून, तिरप्या उन्हात.’ क्रमांक अकरा: सारंग, हवाई दलाची ती ध्रुव हेलिकॉप्टरांची कसरतींची टोळी. ते कलम आम्ही निघण्याआधीच खोडावं लागलं. जानेवारीत पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर कोसळलं आणि सगळीच ध्रुव जमिनीवर थांबवली गेली. मामांनी त्या कलमावर एकच सरळ रेघ मारली आणि बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं.

पुण्याहून उद्यान एक्सप्रेस धरली. मामा आदल्या दिवशी नाशिकहून एसटीनं आले होते, पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी घेऊन. भिगवणच्या सुमाराला उजनीचं पाणी लांबवर चमकलं. फेब्रुवारीत तिथं रोहित येतात, पण गाडीतून ओळखू येईल असं काही दिसलं नाही. मामा खिडकीला नाक लावून बसले होते. “पक्षी आणि विमान यांचं जमत नाही गं,” ते म्हणाले. “इंजिनात एक घार गेली तरी पुरे.” हे वाक्य मला दुसऱ्या दिवशी नीट कळणार होतं.

सोलापूरला समोरच्या बाकावर एक आजी आल्या. आमच्याशी मराठीत बोलल्या, सुनेशी तेलुगूत आणि चहावाल्याशी कन्नडात. तीन भाषा, आणि एकीतून दुसरीत जाताना त्यांचा श्वाससुद्धा अडखळत नव्हता. पुण्यात आम्ही दोन भाषांचं केवढं कौतुक करतो! त्यांनी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी आमच्या हातावर ठेवली, नाही म्हणायची सोयच नव्हती.

सोलापूर आलं की मला वालचंद हिराचंद आठवतात. 1882 साली याच गावात जन्मलेला माणूस. जहाजं काढली, साखर कारखाना काढला, आणि 1939 साली अमेरिकेच्या वाटेवर विल्यम पॉली या विमानांच्या व्यापाऱ्याशी गाठ पडली तेव्हा विमानांचा कारखाना काढायचं मनात घेतलं. जागा आणि भांडवलातला वाटा म्हैसूर संस्थानानं दिला. दिवाण मिर्झा इस्माईल होते. 23 डिसेंबर 1940 ला बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. युद्ध दारात आल्यावर 1942 मध्ये सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आज आपण जिला एचएएल म्हणतो, ओझरचा कारखाना जिचा आहे, ती कंपनी या मुळातून वाढली. बंगळुरू हे विमानांचं शहर झालं त्यामागे सोलापूरच्या माणसाची ही धडपड आहे, आणि सोलापूरच्या फलाटावर त्याची एक पाटी असावी असं मला फार मनापासून वाटतं. मामांना हे सगळं माहीत होतं. पगाराच्या पाकिटाचा उगम माहीत असावा, एवढंच ते म्हणाले.

वाडी, रायचूर, गुंतकल झोपेत गेले. जाग आली ती हिंदुपूरच्या पुढे. बाहेर ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे एकावर एक रचल्यासारखे, मधे निलगिरीच्या रांगा, मग द्राक्षांचे मांडव. मामा उठून बसले. नाशिकचा माणूस द्राक्षाचा मांडव बघितल्यावर स्वस्थ बसत नाही. इथलं काळसर, बियांचं बंगलोर ब्लू आणि आपलं हिरवं लांबट थॉमसन यांच्यातला फरक त्यांनी मला नंदीचा डोंगर मागे पडेपर्यंत समजावून सांगितला.

येलहंक्याच्या फलाटावर मेस्त्री उभे होते. बुटके, पांढऱ्या लुंगीत, कपाळावर आडवी विभूती. मामांना बघून ते हसले नाहीत की मिठी मारली नाही. जवळ आले आणि मामांच्या मनगटावर तर्जनीनं दोनदा टकटक केलं. मामांनीही तसंच केलं. मग मेस्त्री ओझरच्या मराठीत म्हणाले, “काय डॉली, लई उशीर लावला.”

डॉली हे मामांचं कारखान्यातलं नाव. रिवेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबावरची गन धरतो. दुसरा आत, सांगाड्याच्या पोटात शिरून, रिवेटच्या शेपटीला जड पोलादी ठोकळा टेकवतो. तो ठोकळा म्हणजे डॉली. गन धडधडते आणि डॉलीवर आपटून शेपटी चपटी होते. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाजात बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला माणूस पत्र्यावर टकटक करून सांगतो. एक टकटक: अजून मार. दोन: ठीक बसला. तीन: बिघडला, काढून टाक. मेस्त्री बंगळुरूहून बदलीवर ओझरला आले आणि अकरा वर्षं राहिले. त्या अकरा वर्षांत मेस्त्री बाहेर आणि मामा आत.

घरी पोचताच अम्मांनी विचारलं, “तिंडी आयता?” नाश्ता झाला का. पुढे चार दिवस रस्त्यावरचा प्रत्येक ओळखीचा माणूस मेस्त्रींना थांबवून “ऊट आयता?” म्हणजे जेवण झालं का, असंच विचारत होता. आपल्याकडेही ‘जेवलात का’ विचारतात, पण जेवायच्या वेळेला. इथं तो नमस्कारच आहे.

दुपारी रागी मुद्दे आणि पावट्याचं सारू. तिकडे पावट्याला अवरे म्हणतात, आणि हिवाळाभर त्याचं कोण कौतुक! उप्पीटात अवरे, दोशात अवरे, तळून मीठ-तिखट लावून पुन्हा अवरेच. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा वाफाळता, गडद तपकिरी गोळा. मामांनी भाकरीच्या सवयीनं तुकडा मोडला आणि चावायला लागले. मेस्त्रींनी त्यांचा हात धरला. लिंबाएवढा तुकडा तोडायचा, बोटांनी त्याला खळगा पाडायचा, सारूत बुडवायचा आणि दात न लावता गिळायचा. मामांचे दोन घास टाळ्याला चिकटले. तिसरा अलगद उतरला आणि चेहरा एकदम मोकळा झाला. नाचणी आपणही खातो, पण तिच्या भाकरीला दातांचं काम आहे.

संध्याकाळी फिरायला निघालो तर बाजारातली मटणाची आणि मासळीची दुकानं बंद. चिकनच्या दुकानासमोरचा ओटा धुऊन कोरडा केलेला. हवाई दलाच्या तळापासून 13 किलोमीटरच्या परिसरात 23 जानेवारी ते 17 फेब्रुवारी मांसविक्री बंद, असा महापालिकेचा हुकूम होता. मांसाचे अवशेष उघड्यावर पडले की घारी घिरट्या घालतात, आणि विमानांच्या वाटेत घार नको. मामांचं उजनीकाठचं वाक्य तेव्हा डोक्यात बसलं. खाटकाची जवळजवळ चार आठवड्यांची कमाई बुडाली, हे मात्र मला टोचत राहिलं. हॉटेलच्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका दुकानदाराला मेस्त्रींनी आमच्यासाठी विचारलं. तो म्हणाला, विमानं आमचीच आहेत, पण भाडंही आमचंच आहे. या नुकसानीची भरपाई मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा दिवस वहीप्रमाणे ‘आधी जुनं’. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचं एचएएलचं संग्रहालय. वाटेत एका चौकात मेस्त्रींनी रस्त्याच्या पाटीकडे बोट दाखवलं: सुरंजन दास रोड. मारुत हे आपण बनवलेलं पहिलं लढाऊ जेट विमान. 17 जून 1961 रोजी ते पहिल्यांदा हवेत नेणारे चाचणी वैमानिक म्हणजे सुरंजन दास. जानेवारी 1970 मध्ये मारुत उडवतानाच ते गेले. आपल्या शहरांत रस्त्यांना पुढाऱ्यांची नावं असतात. या रस्त्यावरून रोज हजारो माणसं एका चाचणी वैमानिकाचं नाव घेत कामाला जातात, आणि मला त्या शहराबद्दल एकदम आपुलकी वाटली.

संग्रहालयात मारुत उभं आहे. निमुळतं, देखणं, कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या हाताखाली रेखलेलं. हवं तसं जोरकस इंजिन त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही, तरी 1971 च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते लढलं. मामा त्याच्याजवळ गेले आणि इकडेतिकडे बघून रिवेटच्या ओळीवरून बोटाचं टोक फिरवलं, अंधाने वाचावं तसं. “बघ,” ते म्हणाले, “डोकं पत्र्याच्या वर आलं तर वाऱ्याला अडतं. खाली गेलं तर पत्रा कमजोर. नखाला लागता कामा नये.” मी नख फिरवलं. काही ठिकाणी अगदी किंचित लागलं. मेस्त्री माझ्याकडे बघत होते, त्यांनी मान हलवली. मग मामांनी डॉ. विष्णू माधव घाटगे यांची गोष्ट सांगितली. जर्मनीत गॉटिंगनला लुडविग प्रांटल यांच्याकडे वायुगतिकी शिकून आलेला हा मराठी माणूस. त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-2 हे प्रशिक्षण विमान बनलं आणि 1951 च्या ऑगस्टमध्ये उडालं. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव नव्हतं. असायला हवं होतं.

जेवायला मेस्त्रींनी मुद्दाम शहराच्या दक्षिणेला नेलं, त्या 13 किलोमीटरच्या बाहेर. बंगळुरूत मांसाहारी खाणावळींना मिलिटरी हॉटेल म्हणतात. त्यांतली काही जुनी हॉटेलं इथल्या मराठा कुटुंबांनी चालवलेली आहेत. शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठे या गावात राहत आले आहेत. पानांच्या खोल द्रोणात बिर्याणी आली, हिरवट, पुदिन्याच्या वासाची, बारीक तांदळाची. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आमचं बोलणं ऐकलं आणि मराठीत विचारलं, “रस्सा देऊ का जरा?” त्यांच्या मराठीत कन्नड हेल इतका मुरला होता की ते वाक्य गायल्यासारखं वाटलं. मामांनी दोनदा रस्सा मागून घेतला. एकदा खरोखरच हवा होता, दुसऱ्यांदा ते वाक्य पुन्हा ऐकायला.

13 तारखेला प्रदर्शन. एका फाटकातून आत शिरलो आणि मामा थबकले. इतकी माणसं! शाळांच्या रांगा, खेड्यातून आलेली धोतरवाली मंडळी, बाळाच्या कानावर टोपी घट्ट ओढणाऱ्या आया. आणि या गर्दीला शिस्त होती. पाण्याच्या नळापाशी लोक आपणहून एकामागे एक उभे राहत होते. रशियाचं सुखोई-57 आणि अमेरिकेचं एफ-35 त्या वर्षी एकाच मैदानावर होती, आणि दोन्हीकडे माणसं सारख्याच उत्सुकतेनं माना उंचावत होती.

हा बाजारच आहे. मला आपल्याकडचे बैलबाजार आठवले. गिऱ्हाईक बैलाचे दात मोजतं, पाठीवर हात फिरवतं, आणि सौदा उपरण्याखाली, बोटांच्या खुणांनी ठरतो. बाजूच्या माणसाला आकडा कळत नाही. इथेही आदल्या तीन दिवसांत बंद पांढऱ्या दालनांत सौद्यांची बोलणी झाली होती. आमच्यासाठी उरले होते ते दात आणि पाठ.

मामांना तेवढंच हवं होतं. तेजससमोर ते दोरीपाशी वाकले, मग डावीकडे सरकले, मग आणखी डावीकडे, ऊन पत्र्यावरून तिरपं घसरेल अशा जागी. आणि गप्प झाले. त्यांना अपेक्षित होत्या त्या रिवेटच्या दाट ओळी दिसेनात. कातडी सलग, नितळ. तेजसच्या सांगाड्याचा वजनानं सुमारे 45 टक्के भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचा आहे, आणि बाहेरून दिसतो तो तर बहुतेक सगळा.

पुढच्या दालनात सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या टेबलावर त्याच द्रव्याचा वीतभर तुकडा ठेवला होता. टेबलामागची मुलगी मामांचं मराठी ऐकून हसली. नाशिकचीच निघाली, पंचवटीची. तिनं तुकडा मामांच्या हातात दिला. मामांनी तो तोलला, मेस्त्रींकडे दिला. मेस्त्रींनी कानाशी धरून त्यावर बोट वाजवलं. पत्रा टण् वाजतो, हा नुसताच टक् वाजला.

“मग यात जोडायचं कसं?” मामांनी विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं. आतला सांगाडा बऱ्याच ठिकाणी धातूचाच असतो, त्याला हे बसवायला भोकं पाडावीच लागतात. ड्रिल जरा जास्त दाबलं की थर सुटतात आणि अख्खा भाग वाया जातो, त्यामुळे हात फार सावध लागतो. ॲल्युमिनियमचे रिवेट चालत नाहीत, कार्बनला लागून ते गंजतात, म्हणून टायटॅनियमचे.

“आणि आतून कोण धरतं?”

“आतून हात पोचत नाही तिथं एका बाजूनंच बसवता येतात, काका. आतलं टोक आपोआप फुगतं.”

मामांनी तुकडा टेबलावर सरळ ठेवला, कडेला समांतर. “चांगलं झालं,” ते म्हणाले. “आत फार उकडायचं.” मग तिला विचारलं, “तुझ्या हाताखाली किती पोरं आहेत? त्यांना ड्रिल तू शिकवतेस?” ती म्हणाली, सहा आहेत, आणि हो, मीच. मामांनी वही काढून तिच्यापुढे धरली आणि थर सुटलेलं भोक कसं दिसतं त्याचं चित्र काढून मागितलं. तिनं काढलं. वहीतलं बाविसावं कलम ते.

दुपारी मैदानात बसलो, पाठीवर ऊन घेऊन, बरोबर वहीतल्या जागी. हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतींच्या पथकाची नऊ हॉक विमानं आली. पंखाला पंख, मधे पाच मीटरांहून कमी अंतर. 2019 च्या प्रदर्शनाआधीच्या सरावात याच आकाशात त्यांतली दोन विमानं एकमेकांवर आदळली होती आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले होते. मामांच्या वहीत त्या तारखेपुढे फुली आहे. विमानं एकमेकांच्या जवळ सरकली तेव्हा टाळ्या थांबल्या, आणि वेगळी झाली तेव्हा दुप्पट वाजल्या.

मग ओझरचं सुखोई-30. जमिनीपासून ते सरळ उभं चढलं आणि आवाज छातीच्या पिंजऱ्यात शिरला. आजूबाजूला माणसं एकमेकांच्या कानात ओरडत होती, कुणाला काही कळत नव्हतं. मी वळून बघितलं. मामांच्या कानात कापूस, मेस्त्रींना तसंही ऐकू येत नाही. दोघांच्या माना वर, आणि मामांचं बोट मेस्त्रींच्या मनगटावर चालत होतं. मेस्त्रींचं उत्तर येत होतं. त्या अख्ख्या मैदानात बोलणं चालू होतं ते त्या दोघांचंच. एकदा, खूप वेळ एकदाच. मग दोनदा. विमान ढगात शिरलं तरी बोटं थांबली नाहीत.

परतीची गाडी रात्री येलहंक्यालाच धरली. अम्मांनी अवरे घातलेलं उप्पीट डब्यात दिलं आणि डबा परत आणायला पुन्हा यायचं, असं बजावलं. आमचा डबा वातानुकूलित, खिडकीची काच न उघडणारी. मेस्त्री फलाटावरून काहीतरी बोलत होते, आत काहीच ऐकू येत नव्हतं. मामांनी तळहात पूर्ण उघडून काचेला आतून टेकवला आणि घट्ट दाबून धरला. मेस्त्री पुढे आले. त्यांनी बाहेरून, बरोबर त्या तळहाताच्या मध्यावर, बोटानं ठोकलं. गाडीला हिसका बसला. मामांनी दुसऱ्या हाताच्या तर्जनीनं काचेवर दोनदा टकटक केलं.